उन्हाळीच्या कारणांचा शोध

वैशाखांत उन्हातान्हांतून फिरून आलेल्या माणसाला लघवीच्या वेळीं आग होऊं लागली, कीं घरांतील वडील माणसें "उन्हाळी लागली" असें म्हणून धण्याचें किंवा वाळ्याचें पाणी पुढें करतात. दुखण्याला ऋतूचें नांव कां मिळालें हें समजण्यासारखें आहे. उन्हानें घाम फार जातो, लघवी थोडी व दाट होते, आणि उतरतांना जळजळते. परंतु हीच तक्रार ऐन पौषाच्या गारठ्यांत, उंबऱ्याबाहेर न पडलेल्या गृहिणीलाहि होते. केव्हां केव्हां तिच्या जोडीला हुडहुडी भरून ताप येतो, पाठीच्या बाजूस बरगड्यांखालीं कळ येते, आणि मग वाळ्याचें पाणी पुरें पडत नाहीं. या दुसऱ्या दुखण्याचें मूळ उन्हांत नसून जंतूंत आहे, ही गोष्ट मनुष्यास कळून सुमारें दीडशेंच वर्षें झालीं.

दुखणें स्वतः मात्र फार जुनें. ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकांतील ईजिप्तच्या एबर्स नांवाच्या वैद्यकीय पपायरसांत मूत्रविकारांवरील उपाय नमूद आहेत. आपल्याकडे सुश्रुतानें मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले. वात, पित्त, कफ आणि तिहींचा सन्निपात यांपासून होणारे चार. व अभिघात, शकृत्, अश्मरी आणि शर्करा यांपासून होणारे दुसरे चार. शकृत् म्हणजे मळ. सुश्रुताला येथें तुंबलेल्या मळाचा व त्यानें कोपणाऱ्या वायूचा अर्थ अभिप्रेत होता, जंतूंचा नव्हे; आजच्या शोधांचें श्रेय ओढून ताणून प्राचीनांच्या पदरीं बांधण्याची जी हौस कित्येकांना असते, तिला येथें थारा देण्याचें कारण नाहीं. तथापि मार्गांत खडा अडकला, इजा झाली किंवा आंतड्यांत बिघाड झाला, कीं मूत्राची पीडा मागोमाग येते, हें त्या निरीक्षणांतील तथ्य आजहि खोटें ठरलेलें नाहीं.

युरोपांत मध्ययुगांतील वैद्य रोग्याचें मूत्र कांचेच्या चंबूंत घेऊन उजेडाकडे धरीत, आणि रंग, गाळ व फेंस पाहून साऱ्या शरीराचें भविष्य सांगत. पुढें पुढें रोग्याचें तोंडहि न पाहतां नुसत्या चंबूवरून निदान करणारे भोंदू इतके माजले कीं, १६३७ मध्यें टॉमस ब्रायन नांवाच्या इंग्रजानें त्यांची खरडपट्टी काढणारें पुस्तकच छापलें. गंमत अशी कीं, त्या गढूळ चंबूंत कित्येकदां रोगाचें खरें कारण तरंगत असे. साध्या डोळ्यांना तें दिसत नव्हतें, इतकेंच.

या कारणाचा माग प्रथम वैद्यांना लागला नाहीं. तो एका रसायनशास्त्रज्ञाला लागला. लुई पाश्चर हा पदार्थांच्या आंबण्याचा व नासण्याचा अभ्यास करीत होता. उघड्यावर राहिलेलें मूत्र एक दोन दिवसांत नासतें व त्यास अमोनियाचा उग्र दर्प येतो, म्हणून प्रयोगास तें सोईचें. १८६३ मध्यें त्यानें दाखवून दिलें कीं, निरोगी शरीरांतील मूत्र हवेंतील धुळीचा संसर्ग होऊं न देतां निर्जंतुक भांड्यांत घेतलें, तर तें नासत नाहीं. नासविणारें जें कांहीं आहे तें बाहेरून येतें. पुढल्याच वर्षीं त्याचा शिष्य वान तीघेम यानें मूत्रांतील यूरियाचा अमोनिया करणाऱ्या गोल जंतूचें वर्णन केलें. आणि त्याच १८६४ सालीं बर्लिनचा वैद्य लुडविग ट्राउबे यानें दोन आणि दोन चार केले. ज्यांची लघवी तुंबली आहे अशा रोग्यांस नळी घातली, म्हणजे थोड्या दिवसांत त्यांची लघवी आंतल्या आंत नासते. तेव्हां जंतु नळीबरोबरच आंत जात असले पाहिजेत, असें त्यानें सांगितलें. या इशाऱ्याकडे पुरतें लक्ष जाण्यास जवळ जवळ शंभर वर्षें लागलीं.

मूत्रावरूनच त्या काळीं एक मोठा वादहि पेटला. लंडनच्या डॉ. हेन्री चार्लटन बॅस्टियन याचें म्हणणें असें कीं, जंतु हे निर्जीव द्रव्यांतून आपोआप उत्पन्न होतात. १८७६ मध्यें त्यानें मूत्र उकळलें, पोटॅश घालून त्याचा आम्लपणा मारला, तें ५० अंश उष्णतेंत ठेवलें, आणि त्यांत जंतु वाढलेले जगाला दाखविले. पाश्चरनें उत्तर दिलें कीं, जंतु पोटॅशमधून किंवा भांड्यांतून आले असतील. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें समिति नेमली, १८७७ मध्यें बॅस्टियन खाडी ओलांडून पॅरिसला गेला. पण प्रयोग कोणत्या रीतीनें व्हावा यावरच मतैक्य न होऊन तो तसाच परतला. वादांत पाश्चर जिंकला हें खरें. पण हरलेल्या पक्षाचेंहि जगावर एक ऋण आहे. कांहीं जंतूंचीं बीजें नुसत्या उकळीनें मरत नाहींत हें या भांडणामुळें स्पष्ट झालें, आणि द्रव पदार्थ वाफेच्या दाबाखालीं सुमारें १२० अंशांपर्यंत तापविण्याची रीत रूढ झाली. शस्त्रवैद्यांचीं हत्यारें ज्यांत निर्जंतुक होतात तें यंत्र पाश्चरच्याच प्रयोगशाळेंतील शँबरलाँ यानें सिद्ध केलेलें आहे.

रोग्याच्या ताज्या मूत्रांत जंतु असतात, हें मँचेस्टरच्या विल्यम रॉबर्ट्स यानें १८८१ मध्यें लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत सांगितलें. (हाच रॉबर्ट्स १८७४ मध्यें असेंहि लिहून गेला होता कीं, ज्या द्रवांत पेनिसिलियमची बुरशी वाढते त्यांत जंतु सहसा वाढत नाहींत. त्या निरीक्षणाचा पाठपुरावा तेव्हां झाला नाहीं.) पण हे जंतु कोणते आणि ते येतात कोठून, हा प्रश्न उरलाच होता. त्याचें उत्तर एका बालरोगवैद्यानें दिलें.

थिओडोर एशरिख हा म्यूनिक येथें तान्ह्या मुलांच्या मळाची तपासणी करीत असे. काम किळसवाणें खरें, पण त्या काळीं जुलाबांनीं अर्भकें पटापट मरत होतीं. जन्मतांच होणाऱ्या पहिल्या काळ्या शौचांत जंतु नसतात, आणि थोड्याच अवधींत ते दिसूं लागतात, असें त्यास आढळलें. त्यांत आंखूड दांडीच्या आकाराचा एक जंतु वारंवार दिसे. १८८५ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध करतांना एशरिखनें त्यास 'आंतड्यांतील सामान्य जंतु' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. पुढें तो ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें गेला, आणि १८९४ मध्यें मूत्राशयाचा दाह झालेल्या लहान मुलींच्या लघवींत त्याला हाच आपला ओळखीचा जंतु भेटला. एशरिख १९११ मध्यें वारला. त्यानंतर आठ वर्षांनीं, १९१९ मध्यें, जंतूला त्याच्या नांवावरून एशरिखिया हें नांव सुचविण्यांत आलें. आज प्रयोगशाळेंतून लघवीच्या तपासणीचा जो कागद येतो, त्यावर 'ई. कोलाय' अशीं जीं अक्षरें असतात, त्यांतील 'ई' तो हाच.

या शोधाचें महत्त्व केवळ वैद्यकीय नाहीं. मूत्रमार्गाच्या साध्या जंतुदाहांपैकीं शेंकडा पंचाहत्तरांहून अधिक या एका जंतूमुळें होतात, आणि तो प्रत्येकाच्या आंतड्यांत जन्मभर नांदत असतो. तो बहुधा कोणा परक्याकडून आलेला नसतो. तेव्हां हें दुखणें म्हणजे अस्वच्छपणाची शिक्षा किंवा कांहीं लज्जास्पद वर्तनाचें फळ, असा जो समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो, आणि ज्याच्या भयानें मुली व सुना चार चार दिवस दुखणें अंगावर काढतात, तो समज निराधार आहे. घरांतलाच रहिवासी चुकून शेजारच्या खोलींत शिरला, इतकाच त्याचा अपराध.

तो स्त्रियांच्याच बाबतींत इतका वारंवार कां शिरतो, याचें उत्तर शरीररचनेंत आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारें ४ सेंटीमीटर लांब, तर पुरुषाचा सुमारें २० सेंटीमीटर. आणि स्त्रीच्या मूत्रद्वारापासून गुदद्वाराचें अंतर थोडें. आयुष्यांत एकदां तरी हा विकार झाला नाहीं अशा स्त्रिया सुमारें निम्म्याच निघतील. पुरुषांना तो उतारवयांत गांठतो; प्रोस्टेट ग्रंथि वाढून मूत्राशय पुरता रिकामा होईनासा झाला कीं मग. या एका गोष्टींत रोगाचें दुसरें मर्म सांपडतें. जंतु मूत्राशयांत पोंचले म्हणजे रोग झालाच असें नाहीं. मूत्राचा प्रवाह त्यांना दर वेळीं धुऊन बाहेर टाकीत असतो. प्रवाह अडला, तुंबला किंवा फार वेळ रोखून धरला, कीं वाढीला ऊबदार जागा आणि वेळ दोन्ही मिळतात; खडा, गरोदरपण, मधुमेहानें मंदावलेला मूत्राशय, यांच्या मागोमाग हें दुखणें येतें तें बऱ्याच अंशीं यामुळेंच. (निरोगी मूत्राशय पूर्णपणें निर्जंतुक असतो, हें पाश्चरच्या काळापासूनचें मतहि आतां तसेंच राहिलें नाहीं, २०१० नंतरच्या तपासण्यांत तेथेंहि थोडे निरुपद्रवी जंतु आढळले आहेत.)

औषधांचा इतिहास मोठा आहे. त्यांतील एक दोनच गोष्टी येथें पुरेत. बुटलेरोव्ह या रशियन रसायनज्ञानें १८५९ मध्यें बनविलेला हेक्झामीन हा पदार्थ आर्थर निकोलायर यानें १८९० नंतरच्या दशकांत मूत्रांतील जंतूंवर वापरण्यास काढला. आम्ल मूत्रांत त्याचें विघटन होऊन फॉर्मालिनचा वायु सुटतो व जंतु मरतात. १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत रोग्यांना लोण्या-मलईसारख्या स्निग्ध पदार्थांचाच आहार देऊन मूत्र आम्ल करण्याचा प्रयोग झाला. जंतु हटत, पण रोगी त्या आहाराला विटत. मग त्या मूत्रांतील गुणकारी आम्ल कोणतें हें १९३३ मध्यें कळलें, आणि १९३५ मध्यें लंडनच्या मॅक्स रोझेनहाइम यानें त्याच जातीचें मँडेलिक आम्ल औषध म्हणून पुढें आणलें. इतक्यांत सल्फा औषधें आलीं, पाठोपाठ पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन आलीं, १९५३ मध्यें नायट्रोफ्युरँटॉइन आलें, आणि मँडेलिक आम्ल मागें पडलें.

औषधें हातीं आल्यावर प्रतिबंधाची आठवण कोणाला राहते? इस्पितळांतून तर रोग वाढविण्याचें साधन अधिकच सोईचें झालें. १९३० च्या सुमारास अमेरिकन शस्त्रवैद्य फोली यानें टोंकाशीं रबरी फुगा असलेली, मूत्राशयांत अडकून राहणारी नळी तयार केली. नळी उपयोगी यांत शंका नाहीं. शस्त्रक्रिया झालेल्या हजारों रोग्यांचे हाल तिनें वांचविले. पण तिचें दुसरें टोंक खाटेखालच्या उघड्या बाटलींत सोडलेलें असे, आणि त्या उघड्या वाटेनें जंतु चढत. अशा रीतीनें नळी ठेवलेल्या बहुतेक रोग्यांच्या मूत्रांत चार दिवसांत जंतु होत. लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यानें नळीपासून बाटलीपर्यंतचा मार्ग बंद ठेवावा, असें १९२८ मध्येंच सुचविलें होतें. तें मागें पडलें. १९५८ मध्यें पॉल बीसन या नामांकित अमेरिकन वैद्यानें नळीविरुद्ध जणूं फिर्यादच दाखल करणारा एक छोटा लेख लिहिला. नळी घालण्यापूर्वी ती खरोखर हवी आहे काय हें विचारा, एवढेंच त्याचें मागणें होतें. १९६६ मध्यें क्युनिन व मॅककॉर्मॅक यांनीं बंद मार्गाचा लाभ प्रयोगानें सिद्ध केला. तरीहि नळीच्या प्रत्येक दिवसागणिक शेंकडा तीन ते सात रोग्यांच्या मूत्रांत नवे जंतु येतातच. म्हणून आपल्या माणसाची नळी केव्हां काढणार, हा प्रश्न नातेवाइकांनीं रोज सकाळीं विचारावा. त्यांत डॉक्टरांचा उपमर्द नाहीं.

नळीच्या या कथेंत एक उलटा अध्यायहि आहे. पहिल्या महायुद्धांत पाठीच्या कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळांत मरत, तें शय्याव्रणांनीं आणि मूत्राच्या जंतुदाहानें. नाझी जर्मनींतून परागंदा होऊन इंग्लंडांत आलेला लुडविग गुटमन यानें १९४४ मध्यें स्टोक मँडेव्हिल येथें अशा जायबंदी सैनिकांचा विभाग उघडला. नळी कायमची अडकवून न ठेवतां, ठराविक वेळीं कडक निर्जंतुकतेनें घालून मूत्राशय रिकामा करावयाचा व लगेच काढून घ्यावयाची, ही रीत त्यानें आग्रहानें चालविली, आणि ज्यांची आशा सोडलेली असे अशीं माणसें वर्षानुवर्षें जगूं लागलीं. पुढें १९७२ मध्यें मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यानें आणखी एक धाडसी गोष्ट सांगितली. रोग्यानें स्वतःच, साबणानें हात व नळी धुऊन, दिवसांतून अनेकदां मूत्राशय रिकामा केला, तर नळी पूर्ण निर्जंतुक नसली तरी चालतें. पुष्कळांना हा अधर्म वाटला. पण अनुभवानें तो खरा ठरला. थोडे जंतु आंत गेले तर शरीर निभावून नेतें. तुंबलेलें पाणी मात्र तें सोसूं शकत नाहीं.

रोग आहे कीं नाहीं हें ठरविण्याचा पेंच बॉस्टनच्या एडवर्ड कास यानें १९५६ मध्यें सोडविला. लघवी घेतांना बाहेरचे थोडे जंतु मिसळतातच. पण एका मिलिलिटरमध्यें १,००,००० किंवा अधिक जंतु असले तर ते मूत्राशयांतलेच समजावेत, असें त्यानें मोजून दाखविलें. प्रयोगशाळांनीं ही सीमा अजून टाकलेली नाहीं, फक्त कित्येक प्रसंगीं ती खालीं आणली आहे. कासला असेंहि दिसलें कीं, कांहीं गरोदर स्त्रियांना कसलीच तक्रार नसतां मूत्रांत जंतु असतात, आणि वेळीं उपचार न झाल्यास त्यांतील बऱ्याच जणींना पुढें मूत्रपिंडाचा दाह व कडक ताप येतो. गरोदरपणांत लघवी तपासून घेण्याचा जो आग्रह डॉक्टर धरतात, त्याचें मूळ येथें आहे. उलट, वृद्ध माणसाला कांहीं त्रास नसतां नुसत्या कागदावर जंतु दिसले म्हणून औषधांचा मारा करणें अनुचित होय.

आणि आतां त्या माऱ्याचें फळ. २००८ मध्यें स्वीडनमध्यें एका रोग्याच्या मूत्रांत क्लेब्सिएला जातीचा असा जंतु सांपडला कीं, बहुतेक सर्व औषधें त्याच्यापुढें निष्प्रभ झालीं. हा भारतीय वंशाचा गृहस्थ त्यापूर्वी नवी दिल्लींत इस्पितळांत राहून आला होता. २००९ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हां जंतूच्या अंगच्या त्या नव्या शक्तीला नवी दिल्लीचें नांव दिलें गेलें, आणि आपल्याकडे मोठा संताप उसळला. राजधानीचें नांव रोगाला चिकटावें याचा राग येणें स्वाभाविक आहे. पण औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीवांचून दोन दिवसांच्या गोळ्या आणून, बरें वाटतांच उरलेल्या डब्यांत ठेवण्याची आपली रीत त्या रागानें सुटली नाहीं. गोळी किती दिवस घ्यावयाची तें डॉक्टरांनीं सांगावें, आणि शक्य तेथें लघवीची तपासणी आधीं व्हावी. हुडहुडी, ताप व पाठींतील कळ असेल तर एक रात्रहि वाट पाहूं नये.

औषधें बोथट होऊं लागलीं तसें वैद्यांचें लक्ष पुन्हां मागें वळलें. वारंवार पीडा होणाऱ्या २४० स्त्रियांवर ब्रिटनमध्यें झालेला एक प्रयोग २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत रोज थोडें अँटिबायोटिक घेण्यापेक्षां हेक्झामीनच्या गोळ्या उण्या ठरल्या नाहींत. निकोलायरचें औषध असें सव्वाशें वर्षांनीं परत आलें. ऋतुप्राप्ति थांबलेल्या स्त्रियांना एस्ट्रोजेनचें स्थानिक मलम उपयोगी पडतें, हें १९९३ पासून ठाऊक आहे. पतिपत्नींच्या सहवासानंतर लगेच लघवी करून यावें, शौचानंतर पुढून मागें या दिशेनें स्वच्छता करावी, या सूचना डॉक्टर संकोचानें देतात व रोगी संकोचानें ऐकत नाहींत. दोघांनींहि संकोच सोडलेला बरा.

राहिलें पाणी. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बल्गेरियांतील १४० स्त्रिया होत्या. सर्वजणी दिवसांत दीड लिटरहून कमी पेय घेणाऱ्या व वारंवार या दुखण्यानें गांजलेल्या. निम्म्याजणींस नेहमींपेक्षां दीड लिटर अधिक पाणी पिण्यास सांगितलें. वर्षाअखेर, नेहमींप्रमाणें पिणाऱ्यांना सरासरी ३.२ वेळां दुखणें झालें होतें, अधिक पिणाऱ्यांना १.७ वेळां. वाळ्याचें पाणी देणाऱ्या आजीबाईचा वाळा नव्हे तरी पाणी खरें ठरलें.

पण पाणी प्यावें तर तें टाकण्यास जागा हवी. शाळेंतील मुली, बाजारांत दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या, कचेऱ्यांतून व आगगाडींतून तासन् तास घालविणाऱ्या बायका सकाळपासून पाण्याचा घोट टाळतात, तें तहान लागत नाहीं म्हणून नव्हे. मुंबईंत २०११ मध्यें स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठीं चळवळ सुरू झाली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकानें हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयांत नेला. आणि डिसेंबर २०१५ मध्यें न्यायालयानें राज्यांतील महानगरपालिकांना, स्त्रियांसाठीं रस्त्यांवर व वर्दळीच्या ठिकाणीं स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहें बांधण्याचा आदेश दिला.